चौथी हाक

स्टेशनज्जाच्या तोंडात पुढचे दात नव्हते आणि चुक्कीची हाक सगळी पुढच्या दातांवरच होती. एवढी एक अडचण सोडली, तर रविवारची शिकवणी झकास चालली होती.

शिकवणी भरायची ती हुल्लिकट्टे गावाबाहेरच्या गायरानात. सात पोरं गवतात उकिडवी बसलेली, बाजूला नागवेणी अक्कोरू मांडीवर वही घेऊन, आणि मधोमध म्हातारा स्टेशनज्जा, म्हणजे स्टेशन आजोबा. अक्कोरू म्हणजे गावच्या शाळेतल्या बाई. म्हातारा दोन्ही तळवे तोंडाशी धरायचा, गाल आत ओढायचा आणि हाक द्यायचा.

"शिफ्... शीफ्... केरेफ्!"

अशी तीनदा. मग एक बोट वर. बोट वर गेलं की सगळ्यांनी चूप बसायचं, डोकं खाजवायचं नाही, नाकसुद्धा ओढायचं नाही. समोर गुडघाभर गवत, त्यात काळे दगड आणि दोन वारुळं, आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत मका. चुक्की म्हणजे अंगभर पांढरे ठिपके असलेला तितर. तो वारुळावर चढून उत्तर देतो, असं अज्जा सांगायचा. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यानं एकदाही दिलं नव्हतं.

"अज्जा, चौथ्यांदा का नाही द्यायची?" स्पंदनानं एकदा विचारलं. सातवीतली ही पोरगी प्रश्न विचारायला कधी लाजली नाही.

"नाही द्यायची."

"पण का?"

"चुक्की तीनदा ओरडतो आणि ऐकत बसतो. उत्तर येईपर्यंत गप्प. चौथ्यांदा ओरडेल तो चुक्की नव्हे. घाई फक्त माणसाला असते. पहिल्या तीन हाका पक्ष्याच्या, चौथी माणसाची. ती ऐकली की तो ओळखतो, आणि गवतात जो दडी मारतो तो आठ दिवस वर येत नाही. माझा बा सांगायचा."

"आणि तू चौथी दिलीस तर बा काय करायचा?" करिबसूनं विचारलं.

"कानाखाली द्यायचा. पाचवी."

पोरं हसली. अज्जाही हसला, आणि त्याच्या तोंडातला तो मोठा काळा दरवाजा उघडा पडला.

त्याचं नाव खरोखरच स्टेशन होतं. हक्की-पिक्की लोकांत लेकराचं नाव ठेवायला पंचांग लागत नाही. जन्माच्या वेळी जे समोर दिसलं, जे नवं आणि मोठं वाटलं, ते नाव. त्याची आई हरिहरच्या स्टेशनाबाहेर लिंबाखाली बाळंत झाली, म्हणून हा स्टेशन. त्याच्या मुलाच्या वेळी रस्त्यावरून हिरव्या गाड्यांची रांग चालली होती, म्हणून तो मिलिटरी. मिलिटरी आता आफ्रिकेत केसांचं तेल विकत होता. ऐकणाऱ्याला हे चेष्टेचं वाटतं, पण टेकाडापलीकडच्या त्यांच्या वसाहतीतली निम्मी घरं याच तेलावर उभी राहिली होती आणि त्यापायीच निम्म्या घरांना कुलपं होती.

हक्की म्हणजे पक्षी आणि पिक्की म्हणजे पकडणारा. नावातच धंदा. तो धंदा कायद्यानं बंद होऊन जमाना झाला, पण नाव काही कायद्यानं बदलत नाही. म्हणून नागवेणी अक्कोरू बदलून आल्या आणि पोरांना पक्षी दाखवायला कोण सापडेल म्हणून विचारत फिरू लागल्या, तेव्हा गावातल्या चौघांनी एकाच दिशेला बोट केलं आणि त्याच चौघांनी नंतर नाकं मुरडली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय की हो बाई," असं सोसायटीचे अध्यक्ष भर चावडीत म्हणाले. अक्कोरूंनी ऐकून घेतलं आणि रविवारी पोरं घेऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"अज्जा, यांना फोनमधली शंभर जनावरं ओळखता येतात. दाराबाहेरचं एक येत नाही. तुम्ही शिकवाल का?"

बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मिलिटरी आणि सून आधीच परदेशी. म्हातारा सकाळी उठून नाचणीचा एक उंडा रांधायचा, अर्धा दुपारी गिळायचा, अर्धा रात्री, आणि मधल्या वेळात दाराशी बसून रस्ता बघायचा. रस्ता असा, की त्यावरून कुणीच यायचं नाही. त्याच्या दारात एकोणीस पोरं उभी होती. त्यानं हो म्हणायला क्षणभरही वेळ घेतला नाही, आणि पोरं गेल्यावर मात्र घरात जाऊन तो बराच वेळ रडला.

मंडळाचं नाव अक्कोरूंनी ठेवलं हक्की बळग, पक्ष्यांचा गोतावळा. अज्जानं पोरांना टिटवीची अंडी दाखवली, जी दगडांत दगडासारखी पडलेली असतात. मुनियांच्या घरट्याला हात न लावता आत पिल्लं किती ते आवाजावरून सांगायला शिकवलं. साधा तितर तर गावंढळ, तो कशालाही ओ देतो. अज्जाच्या पोकळ तोंडालाही द्यायचा. पोरं खूष. पण अज्जाच्या बोलण्यात फिरून फिरून चुक्कीच यायचा. बाकी सगळे पक्षी प्रस्तावना आणि चुक्की म्हणजे कथा. "तो दिसला ना, की बाकीचे विसराल," असं तो दर रविवारी म्हणायचा. आणि दर रविवारी गवत गप्प. एकोणिसाची अकरा झाली, अकराची सात. पोरांचंही चुकत नव्हतं. न येणाऱ्या पाहुण्यासाठी किती रविवार नटून बसायचं?

उरलेल्या सातांना मात्र हाकेचं वेड लागलं होतं. शाळेची घंटा झाली की एकमेकांना बोलवायला तीच हाक. कुणाच्या घरासमोर उभं राहून "चल खेळायला" असं कुणी म्हणत नसे, शिफ्-शीफ् करत. संध्याकाळी वारा गावाकडून असला की ती हाक वसाहतीपर्यंत यायची. म्हाताऱ्याच्या हातातलं काम सुटायचं. छातीत काहीतरी लख्ख व्हायचं. मग कळायचं की हा करिबसू आहे, दर्शनला बोलावतोय. आणि तो पुन्हा काटक्या मोडायला लागायचा.

तर या सगळ्यात एका रविवारी करिबसूनं तोंड उघडलं. पोरं येताना अज्जासाठी मंडक्की आणत, दावणगेरेकडचे मसाल्याचे चुरमुरे. अज्जा ते चहात भिजवून गिळायचा. करिबसू ते बघत होता.

"अक्कोरू, मला वाटतं चुक्कीला अज्जाचं कळतच नाही. बोबडं वाटत असेल. आपल्याकडे कुणी बोबडं बोललं तर आपण तरी कुठं उत्तर देतो?"

सगळे हसले, अज्जा सगळ्यांत मोठ्यानं. अक्कोरू हसल्या नाहीत. त्यांनी वहीत चुक्कीच्या नावाचं कोरं पान उघडलं, त्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अज्जा, तालुक्याला दातांचं शिबिर आहे. कवळी फुकट बसवून देतात. मी नेते तुम्हाला."

"कशाला हो अक्कोरू. मसणात काय चावायचंय?"

"चावायला नाही. हाकेसाठी."

पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारा मात्र भिजलेली मंडक्की तशीच सोडून उठला.

का उठला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं तर सहा वर्षं मागं जावं लागेल. मिलिटरी परदेशी निघाला त्या वर्षी, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशीच्या सामिष जेवणावळीसाठी मक्याच्या एका बड्या व्यापाऱ्याला तितर हवा होता, आणि साधा नको, ठिपक्यांचा. गायरानात तेव्हाच चुक्की विरळ झाले होते. तीन बाजूंनी नांगर आत शिरला होता, फवारणीनं किडे मेले होते. अज्जाच्या बापानं आयुष्यभर फास लावले तरी चुक्की सरले नव्हते. मक्यानं आठ वर्षांत सरवले. पण त्या सकाळी एक होता. अज्जानं गवतात फास मांडले, मागं आडवा पडला, तीन हाका दिल्या. नर वारुळावरून उतरला आणि मान ताठ करून भांडायला चालत आला. सरळ फासात. त्याला पिशवीत टाकताना अज्जाच्या मनात आलं, दुसरा असेल. प्रत्येक पारध्याच्या मनात तेच येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

त्यानंतर दात होते तोवर त्यानं पुन्हा कधी हाक दिली नाही. आधी तेल घेऊन गावोगाव हिंडला, मग बायकोचं आजारपण, मग एकेक करून दात. का दिली नाही असं कुणी विचारलं असतं तर हीच कारणं त्यानं सांगितली असती, आणि ती खोटी नव्हती. पण खरं कारण त्याला माहीत होतं. विचारलं नाही तोवर उत्तर 'नाही' असं येत नाही. पोरांसमोर तो बोळक्या तोंडानं बिनधास्त हाका देऊ शकत होता, कारण गवत गप्प राहिलं तरी दोष दातांचा होता. दात नाहीत म्हणून चुक्की बोलत नाही. म्हणजे चुक्की आहे. त्या सहा दातांच्या भोकात म्हाताऱ्यानं एक पक्षी जिवंत ठेवला होता.

आणि पोरं त्या पक्ष्यासाठी येत होती. पक्षी नाही म्हटल्यावर कोण येणार? म्हाताऱ्याचे गाल बघायला?

त्यानं पुष्कळ टाळाटाळ केली. एकदा ताप आणला, एकदा पाहुणे आणले, एकदा तर मिलिटरी येणार आहे म्हणून सांगितलं आणि नंतर स्वतःच त्या थापेनं दिवसभर कासावीस झाला. पण नागवेणी अक्कोरू म्हणजे चिवट बाई. एका सोमवारी त्या बसचं तिकीट काढूनच दारात आल्या.

शिबिरात कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"स्टेशन."

"अज्जा, कुठून आलात ते नाही विचारलं. नाव सांगा."

"स्टेशनच."

"वडिलांचं?"

"गोरा सायब."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. अक्कोरूंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवसाचं तेवढंच हसू अज्जाला पुढं आठवायचं. मापं घेतली, पंधरा-वीस दिवसांनी कवळी मिळाली. लगेचचा रविवार पंधरा ऑगस्टच्या कवायतीत जाणार होता, त्यामुळे पुढची शिकवणी दहा दिवसांवर गेली.

त्या रात्री मिलिटरीचा फोन आला, तोंड दिसणारा. शेजारच्या पोरीनं फोन धरून दिला.

"बा, हसून दाखव की."

बा हसला.

"आयला! बा, तू कुणीतरी दुसराच दिसतोस. जिल्हा परिषदेचा मेंबर!" मिलिटरी खो खो हसला, मागून सून हसली. मग पलीकडे कुणी गिऱ्हाईक आलं आणि चित्र थिजलं. मिलिटरीचं तोंड अर्धं उघडं राहिलं. शेजारची पोरगी म्हणाली, "गेला, अज्जा." अज्जा तरी थोडा वेळ बघत राहिला. मग पोरगी फोन घेऊन गेली.

दात आहेत तर चणे नाहीत अन् चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात. म्हाताऱ्याकडे आता दात होते आणि मूठभर मंडक्कीही होती. त्यानं ती कुरकुरून खाल्ली. कित्येक दिवसांनी कानात तो आवाज झाला. रिकाम्या घरात तो जरा जास्तच मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो एकटाच गायरानात गेला. फास नाहीत, पिशवी नाही. जुन्या सवयीनं वारुळाच्या समोर आडवा पडला. गवत भिजलेलं होतं, सदरा पोटाशी ओला झाला. त्यानं तळवे तोंडाशी धरले आणि जीभ नव्या दातांमागं टेकवली. वाटलं होतं, विसरलो असू. पण हाक घशात जशीच्या तशी होती, कापडात बांधून ठेवलेल्या सुरीसारखी.

"चिक्... चीक्... केर्रेक्!"

म्हातारा स्वतःच दचकला. किती वर्षांनी तो आवाज या गवतावरून गेला होता. तीनदा दिली आणि तो कान लावून पडला. टिटवी ओरडली, ती न विचारताच ओरडते. साध्या तितरानं ओ दिली, त्याला कोण विचारतो. उन्हं वर आली. मक्यातून पंपाचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तो तळ्याच्या बाजूनं गेला. तिसऱ्या दिवशी दगडांच्या खाणीकडं. चौथ्या दिवशी पुन्हा वारुळापाशी, कारण नर आपली जागा सोडत नाही. पाचव्या दिवशी पाऊस असूनही गेला. रोज तीन हाका आणि तासभर ऐकणं. चुक्की असता तर पहिल्याच सकाळी धावून आला असता. आपल्या वारुळासमोर परका नर ओरडतोय, हे तो सहनच करत नाही. हे अज्जापेक्षा जास्त कोणाला कळणार? तरी तो गेला. नवव्या सकाळी तीन हाका झाल्या, तासही झाला, आणि त्याचे तळवे आपोआप पुन्हा तोंडाशी गेले. चौथी ओठांवर आली. त्यानं ती गिळली. बा मरून चाळीस वर्षं झाली होती, तरी कानाखाली गरम झालं.

त्या दुपारी त्यानं उंडा रांधला नाही. दाराशी बसून राहिला. आता त्याला नक्की ठाऊक होतं, आणि साऱ्या मुलखात ते ठाऊक असलेला तो एकटाच होता. बायको असती तर तिला सांगितलं असतं. ती म्हणाली असती, "मग? मी तेव्हाच म्हटलं होतं," आणि निदान भांडण तरी झालं असतं.

रविवारी पोरं पळतच आली. मंडक्की, वर मिरची भजी, दातांचा मान. दर्शननं अज्जाला तोंड उघडायला लावून आत वाकून पाहिलं. हा दर्शन सगळ्यांत कमी बोलायचा आणि आजवर त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. चुक्कीचं चित्र काढून त्यानं वहीच्या कोऱ्या पानात आधीच ठेवून दिलं होतं, फक्त तारीख घालायची बाकी. अक्कोरूंनी ते पान उघडून मांडीवर घेतलं.

"हं अज्जा. आज होऊन जाऊ दे."

दात टोचतायत म्हणावं, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं. निदान दिवाळीपर्यंत निभावलं असतं. त्यानं पोरांकडे पाहिलं. सगळी गवताकडे तोंड करून, श्वास धरून बसली होती. त्यानं हाक दिली.

"चिक्... चीक्... केर्रेक्!"

पोरं गवताकडे बघायची सोडून त्याच्याकडे बघायला लागली. मग करिबसू फिस्सकन हसला.

"अज्जा, चुकलं!"

"काय चुकलं?"

"हा चुक्की नाही."

"चुक्की असा नाही ओरडत, अज्जा," स्पंदना समजावणीच्या सुरात म्हणाली. नव्या दातांनी म्हातारा गोंधळला असेल, असं तिला वाटलं. "तो असा ओरडतो. बघ." आणि तिनं दोन्ही ओठ आपल्या धडधाकट दातांवर दुमडून घेतले, गाल आत ओढले. "शिफ्... शीफ्... केरेफ्!"

बाकीच्या सहांनीही ओठ दुमडले. सात पोरांनी सात पोकळ तोंडं केली आणि गायरान त्या हाकेनं भरून गेलं. एकाचाही सूर चुकला नाही. शेवटचा तो फुसका वारासुद्धा जिथं निसटायला हवा तिथंच निसटला. अक्कोरू कौतुकानं हसत होत्या. अज्जाला मात्र गवत धरावंसं वाटलं.

"पोरांनो," तो म्हणाला, "तो चुक्की नव्हे. तो मी."

कुणाला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. दात नव्हते म्हणून तशी यायची. तुम्ही पक्ष्याची नाही, माझ्या बोळक्याची हाक शिकलात. खरी आत्ता दिली ती.

"म्हणजे म्हणूनच तो बोलत नव्हता!" करिबसू उठून उभाच राहिला. "मी म्हटलं नव्हतं? अक्कोरू, मीच म्हटलं होतं ना? अज्जा, आता खरी दे, आता तो येतोच!"

"तूच म्हणाला होतास बाबा," अज्जा म्हणाला.

त्यानं उरलेल्या दोन दिल्या. तीन पुऱ्या झाल्या. बोट वर केलं. पोरांच्या माना गवताकडे वळल्या. एक चंडोल वर चढला आणि गाऊन खाली आला. स्पंदनाच्या पायावर मुंगळा चढत होता, तिनं तो झटकला नाही. दोन वर्षांत त्यानं त्यांना एवढं शिकवलं होतं. एवढी छान ऐकणारी पोरं, आणि ऐकवायला काही नव्हतं.

मग त्यानं बोट खाली घेतलं.

"नाही येणार. मी नऊ दिवस रोज विचारून आलोय. याच दातांनी. तो नाही इथं."

"दुसरीकडे गेला असेल," स्पंदना म्हणाली.

"नाही गं. तो जात नाही. शेवटचा होता, त्याला मीच धरला. सहा वर्षं झाली. त्या वारुळावरून उतरून आला होता."

अक्कोरूंचा हात वहीवर थांबला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"खाल्लास?" करिबसूनं हळूच विचारलं.

"दिला. मागणाऱ्याला दिला. वाटलं, दुसरा असेल."

"आणि आम्हाला दोन वर्षं इथं बसवलंस," दर्शन म्हणाला. त्यानं वहीतलं आपलं चित्र ओढून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि तो वारुळापर्यंत जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला. त्याला कुणी हाक मारली नाही. सोसायटीच्या अध्यक्षांचा तो नातू. त्याच्या आजोबांचं म्हणणं अखेर खरं ठरलं होतं. अज्जाला वाटलं, आता उरलेलीही उठतील. उठू देत. निदान दात दाखवून अवलक्षण एकदाच होईल.

पोरं उठली नाहीत. मग स्पंदनानं विचारलं, "अज्जा, तू कधीच चौथी दिली नाहीस?"

"नाही."

"मग आता दे की. ओळखून दडी मारायला कोण आहे?"

पोरीनं ते वाईट मनानं विचारलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला ते आतपर्यंत लागलं. शेकडो सकाळी, हजारो हाका, सगळ्या तिनाच्या हिशेबानं दिलेल्या. एकूण एक पक्ष्याच्या आवाजातली, एकूण एक खोटी. त्या ऐकून जो आला तो भावकीतलं कुणी ललकारतंय म्हणून आला. मी माणूस आहे, स्टेशन आहे, असं सांगणारी एकच हाक होती आणि ती त्यानं आयुष्यभर दिली नव्हती.

त्यानं तोंडात बोट घालून कवळी काढली, धोतराला पुसली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. गुडघ्यावर हात देऊन तो उभा राहिला. पारधी हाक देताना कधी उभा राहत नाही. गायरानातून आणि मक्यातून, कुठूनही दिसेल असा तो सरळ उभा राहिला आणि त्यानं तळवे तोंडाशी धरले.

"शिफ्... शीफ्... केरेफ्!"

बोट वर गेलं. सहा पोरांच्या माना गवताकडे वळल्या. वारा पडला होता. गवतातून काहीच आलं नाही.

मग वारुळापाशी पाठ करून बसलेल्या दर्शननं, मागं न बघता, ओठ दुमडले.

"शिफ्... शीफ्... केरेफ्."

करिबसू हसला, स्पंदनानं त्याला कोपर मारलं. अक्कोरूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हाताऱ्यानं बोट खाली घेतलं नाही. तो अजून पलीकडचं ऐकत होता.